मानद पदवी : नामवंत व्यावसायिकांच्या गौरवाबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दीक्षान्त समारंभ जवळ आले की मानद पदव्यांच्या बातम्या येऊ लागतात आणि त्यांच्या मागोमाग शंकाही. ही पदवी खरी की नुसती शोभेची? ती कोण ठरवतं? आपल्या ओळखीच्या एखाद्या गुणी माणसासाठी काही करता येईल का? नेहमी विचारल्या जाणाऱ्या अशा प्रश्नांची उत्तरं इथे दिली आहेत. काही ठिकाणी माझं मतही आहे आणि ते मी मत म्हणूनच मांडलं आहे.

मानद पदवी म्हणजे नेमकं काय?

प्रवेश, हजेरी, परीक्षा, प्रबंध या अटी बाजूला ठेवून, एखाद्याच्या कामाचा मान म्हणून विद्यापीठानं दिलेली पदवी. बहुतेक वेळा ती डॉक्टरेटच्या दर्जाची असते, पण तसा नियम नाही. हार्वर्डनं १७५३ साली बेंजामिन फ्रँकलिन यांना दिली ती मानद एम.ए. होती. मात्र देणाऱ्या संस्थेला पदवी देण्याचा कायदेशीर अधिकार हवा. एखादं मंडळ किंवा प्रतिष्ठान पुरस्कार देऊ शकतं, मानपत्र देऊ शकतं. पदवी देऊ शकत नाही.

ही प्रथा कधीपासूनची?

पंधराव्या शतकापासूनची. सर्वात जुनी नोंद ऑक्सफर्डची आहे. इंग्लंडचा राजा चौथा एडवर्ड याचे मेहुणे लायोनेल वुडव्हिल यांना १४७० च्या दशकाच्या अखेरीस विद्यापीठानं नेहमीच्या परीक्षा-वादविवादांतून सूट देऊन पदवी देऊ केली. म्हणजे पहिल्याच उदाहरणात राजघराण्याशी नातं आहे. सत्तेच्या जवळ असणं आणि खरी योग्यता असणं, या दोहोंतली ओढाताण या प्रथेत तेव्हापासून आहे आणि ती अजून संपलेली नाही.

नामवंतांना पुरस्कार मिळतच असतात. मग विद्यापीठानं वेगळी पदवी कशासाठी द्यायची?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर जरा सविस्तर देतो.

पुरस्कार यशाला मिळतो. मानद पदवी देताना विद्यापीठ वेगळंच काही म्हणत असतं : या माणसानं ज्ञानात भर घातली आहे, ती आमच्या वर्गाबाहेर घातली आहे, आणि आम्ही तिला विद्या मानतो. ज्याला नेहमीच्या वाटेनं विद्यापीठात येताच आलं नाही, त्याच्या बाबतीत या म्हणण्याला फार वजन येतं.

१८३२ साली ऑक्सफर्डनं जॉन डाल्टन आणि मायकेल फॅरेडे यांना मानद पदवी दिली. डाल्टन क्वेकर या वेगळ्या ख्रिस्ती पंथाचे. त्या काळी ऑक्सफर्डमध्ये प्रवेश घ्यायचा तर इंग्लंडच्या अधिकृत चर्चची तत्त्वं मान्य असल्याची सही करावी लागे, त्यामुळे त्यांच्यासारख्यांना ते दार बंदच होतं. फॅरेडे बुकबाइंडरकडे उमेदवारी करता करता, बांधायला आलेली पुस्तकं वाचून शिकलेले. अणुसिद्धान्त मांडणाऱ्या आणि विद्युत-चुंबकीय प्रवर्तन शोधणाऱ्या या दोघांना विद्यापीठानं चाळिशी-साठीच्या घरात का होईना, आपलं म्हटलं.

याहून बोलकं उदाहरण व्हिव्हियन थॉमस यांचं. अमेरिकेतला हा कृष्णवर्णीय तरुण सुतारकाम करायचा. १९३० साली तो सर्जन डॉ. आल्फ्रेड ब्लॅलॉक यांच्या प्रयोगशाळेत मदतनीस म्हणून लागला, आणि त्याच वर्षी बँक बुडाल्यानं वैद्यकीय शिक्षणासाठी साठवलेले पैसे गेले. पुढे जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात जन्मतः हृदयदोष असलेल्या, ओठ-नखं निळी पडणाऱ्या बाळांवरच्या शस्त्रक्रियेची तयारी सुरू झाली. कुत्र्यांवर ती पुन:पुन्हा करून तंत्र पक्कं केलं ते थॉमस यांनी. एवढ्या बारीक रक्तवाहिन्या शिवायला योग्य सुया मिळत नव्हत्या, तेव्हा त्यांनी सुया कापून, घासून हव्या तशा केल्या. २९ नोव्हेंबर १९४४ ला पहिल्या बाळावर शस्त्रक्रिया झाली तेव्हा हातात सुरी ब्लॅलॉक यांच्या होती, आणि त्यांच्या खांद्यामागे स्टुलावर उभं राहून टाका कसा, कोणत्या दिशेनं घ्यायचा ते थॉमस सांगत होते. कागदोपत्री मात्र त्यांची नेमणूक कित्येक वर्षं सफाई कामगाराच्या श्रेणीतली होती. त्यांच्या हाताखाली तयार झालेले सर्जन देशभर विभागप्रमुख झाले. १९७६ साली जॉन्स हॉपकिन्सनं त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

मानद पदवी कशासाठी असते, असं कुणी विचारलं तर मी हेच उदाहरण देतो. थॉमस यांचं ज्ञान त्याआधीही तितकंच होतं. ते मान्य करायचं राहून गेलं होतं, आणि ते विद्यापीठानं भर सभेत केलं.

मग 'नामवंत व्यावसायिक' कुणाला म्हणायचं?

आपल्या पेशाचं काम उत्तम करणारे पुष्कळ असतात, आणि ते कौतुकालाच पात्र असतात. पण मानद पदवीसाठी मी एक जास्तीचा निकष लावीन : त्या माणसामुळे त्याचा पेशाच बदलला का? एखाद्या अभियंत्यानं शेकडो पूल बांधले ही कर्तबगारी. त्यानं पुलाचा पाया घालण्याची अशी रीत काढली की पुढे सगळे तशीच घालू लागले, तर ती विद्या. एखाद्या परिचारिकेनं वॉर्डात संसर्ग रोखण्याची पद्धत बसवली आणि ती इतर रुग्णालयांनी उचलली, तर तिचं नाव मोठ्या सर्जनच्या बरोबरीनं यायला हवं. वकील, वास्तुविशारद, पत्रकार, वाद्यं बनवणारे कारागीर, बियाणं जपणारे शेतकरी, सर्वांना हाच निकष लागू होतो.

प्रसिद्धीची अट नसावी. जो आधीच घराघरांत पोचला आहे त्याला पदवी दिल्यानं बातमी मोठी होते, पण त्याच्या मानात फारशी भर पडत नाही.

डी.लिट., एलएल.डी., डी.एससी. यांतली कोणती पदवी कुणाला देतात?

ढोबळ रीत अशी : साहित्य, कला, मानव्यविद्या यांसाठी डी.लिट.; विज्ञान-तंत्रज्ञानासाठी डी.एससी.; संगीतासाठी काही विद्यापीठांत डी.म्यूझ.; आणि सार्वजनिक जीवन, न्याय, समाजकार्य यांसाठी एलएल.डी., म्हणजे नावानं कायद्याची डॉक्टरेट. एलएल.डी. बऱ्याचदा 'सर्वसाधारण मान' म्हणूनही वापरतात. थॉमस यांनाही एलएल.डी.च मिळाली, कारण नियमांच्या अडचणीमुळे वैद्यकातली डॉक्टरेट देता आली नाही. हृदयशस्त्रक्रियेच्या माणसाला कायद्याची पदवी, हे आजही खटकतं.

पीएच.डी. मात्र मानद म्हणून देऊ नये, असा आता सर्वसाधारण संकेत आहे, कारण ती संशोधन करून, प्रबंध लिहूनच मिळवायची पदवी आहे. पूर्वी असं नव्हतं. थॉमस एडिसन यांना १८७८ साली युनियन कॉलेजनं मानद पीएच.डी. दिली होती. पण त्या काळात अशा पदव्या इतक्या सैल हातानं वाटल्या जाऊ लागल्या की शिक्षणक्षेत्रातूनच विरोध झाला आणि ही रीत मागे पडली. आज कुणी 'मानद पीएच.डी.' देऊ करत असेल तर आधी त्या संस्थेची चौकशी करा.

निवड कोण आणि कशी करतं?

विद्यापीठागणिक तपशील वेगळे असतात, पण साचा साधारण एकच. नावं मागवली जातात, एक छोटी समिती ती छाननी करून चाळते, निवडलेली नावं विद्या परिषद, व्यवस्थापन परिषद किंवा अधिसभा यांच्यापुढे जातात आणि शेवटी कुलपतींची मान्यता लागते. चर्चा गोपनीय असते. ती तशीच असावी, कारण वगळलेल्या माणसाचा त्यात विनाकारण अपमान होऊ नये.

सामान्य माणसाला नाव सुचवता येतं का? शिफारसपत्रात काय लिहावं?

बऱ्याच विद्यापीठांत येतं. काही ठिकाणी मात्र शिफारस प्राध्यापक, अधिसभा सदस्य किंवा माजी विद्यार्थी यांच्याकडूनच यावी लागते. तसं असेल तर त्यांच्यापैकी कुणाला तरी गाठा.

पत्र लिहिताना बहुतेकांची एकच चूक होते : पुरस्कारांची यादी आणि विशेषणांची रास. 'अष्टपैलू', 'ऋषितुल्य', 'उत्तुंग व्यक्तिमत्त्व' हे शब्द समितीनं हजारदा वाचलेले असतात, त्यांवरून काहीच कळत नाही. त्याऐवजी काम दाखवा. या व्यक्तीच्या आधी त्या पेशात काय अडचण होती, तिनं नेमकं काय केलं, आणि आता ते कोण वापरतं, एवढ्या तीन गोष्टी साध्या भाषेत दोन पानांत मांडा. सोबत त्याच पेशातल्या दोन-तीन जाणकारांची पत्रं जोडा, आणि त्यांतलं एक तरी अशा माणसाचं असू द्या, ज्याचा उमेदवाराशी संस्थेचा, नात्याचा किंवा व्यवहाराचा संबंध नाही. उमेदवारानं स्वतः फारसं काही लिहिलेलं नसेल तर नकाशे, आराखडे, शिकवलेल्या माणसांचे अनुभव, बदललेली कार्यपद्धती यांतलं काहीही पुरावा म्हणून चालतं. व्यावसायिकांचं काम छापील निबंधांत क्वचितच सापडतं, आणि प्राध्यापकांच्या समितीला ते शोधून देणं हे शिफारस करणाऱ्याचंच काम.

आणखी एक, तारीख पाहून ठेवा. समारंभाच्या बरेच महिने आधी नावं पक्की झालेली असतात.

ज्यांचं नाव सुचवायचं, त्यांना आधी सांगावं का?

सांगू नये. नाव वगळलं गेलं तर वाईट वाटतं, आणि कळलेला उमेदवार किंवा त्याचे हितचिंतक खटपटी सुरू करतात. विद्यापीठ निवड झाल्यावर स्वतः पत्र पाठवून संमती घेतं.

त्या पत्राकडे मात्र लक्ष असू द्यावं! १९०९ साली जिनिव्हा विद्यापीठानं आल्बर्ट आइनस्टाइन यांना मानद डॉक्टरेटचं पत्र पाठवलं. ते तेव्हा बर्नच्या पेटंट कार्यालयात नोकरीला होते. सुबक अक्षरांतला तो छापील कागद त्यांना आपल्या कामाचा वाटला नाही आणि तो गेला कचऱ्याच्या टोपलीत. पुढे निरोप पोचला, तेव्हा ते नेहमीचा सूट आणि गवती टोपी घालून झगे-पगड्यांच्या मिरवणुकीत सामील झाले. त्यांना मिळालेली ही पहिली मानद डॉक्टरेट.

देणगी देणाऱ्या उद्योजकाला मानद पदवी देण्यात गैर काय?

उद्योजक म्हणून त्यानं पेशात काही नवं घडवलं असेल तर काहीच गैर नाही. देणगीच्या बदल्यात दिली तर सगळंच गैर. देणगीदाराचं ऋण मानायला इमारतीला नाव देता येतं, शिष्यवृत्तीला नाव देता येतं, जाहीर सत्कार करता येतो. पदवी हा विद्यापीठाचा शब्द आहे. तो विकला की त्याच समारंभात रात्रीचा दिवस करून पदवी मिळवलेल्या मुलांच्याही पदवीची किंमत कमी होते. माझ्या मते मोठी देणगी आणि मानद पदवी यांत काही वर्षांचं अंतर राखण्याचा लेखी नियम प्रत्येक विद्यापीठानं करायला हवा.

सत्तेवरच्या राजकारण्यांना दिलेल्या पदव्यांवरून वाद का होतात?

कारण त्यांच्या कामाचा निकाल अजून लागलेला नसतो. हार्वर्डनं १८३३ मध्ये राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन यांना पदवी दिली तेव्हा त्याच विद्यापीठाचे माजी विद्यार्थी आणि माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स यांनी समारंभाला जायचं नाकारलं. १९८५ मध्ये ऑक्सफर्डच्या प्राध्यापकांनी ब्रिटनच्या तेव्हाच्या पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांना पदवी देण्याचा प्रस्ताव ७३८ विरुद्ध ३१९ मतांनी फेटाळला. शिक्षण आणि संशोधनावरच्या खर्चातली कपात हे त्यामागचं मुख्य कारण. थॅचर ऑक्सफर्डच्याच विद्यार्थिनी होत्या, त्यामुळे हा नकार फार गाजला.

वाद राजकारण्यांपुरताच नसतो. १९९२ मध्ये केंब्रिजमध्ये तत्त्वज्ञ जाक देरिदा यांच्या नावावर मतदान घ्यावं लागलं, आणि ३३६ विरुद्ध २०४ असा कौल त्यांच्या बाजूनं गेला. मला हे दोन्ही प्रसंग विद्यापीठांना भूषणावह वाटतात. निकाल काहीही असो, पदवी कुणाला द्यायची यावर प्राध्यापक तावातावानं भांडतात, याचा अर्थ ती त्यांना मोलाची वाटते.

समारंभात काय होतं?

मिरवणूक, झगा, उपरणं, प्रमाणपत्र हे बहुतेक ठिकाणी असतंच. स्वीडन आणि फिनलंडमध्ये मानद डॉक्टरांनाही डॉक्टरेटची टोपी मिळते, फिनलंडमध्ये तलवारही. ऑक्सफर्ड-केंब्रिजमध्ये गौरवपर भाषण आजही लॅटिनमध्ये होतं.

समारंभाचा जीव त्या गौरवपत्रातच असतो. दोन-तीन मिनिटांत सभागृहातल्या विद्यार्थ्याला कळलं पाहिजे की समोरच्या माणसानं काय केलं. थॉमस यांच्या सुया, डाल्टन यांना बंद असलेलं दार, असं काहीतरी त्यात हवं. गौरवपत्र कुणाच्याही नावावर खपेल असं असेल, तर ते त्या माणसासाठी लिहिलेलंच नाही.

स्वतः हजर राहावंच लागतं का?

पुष्कळ विद्यापीठांत हो. केंब्रिजनं १८७६ मध्ये जर्मन संगीतकार ब्रॅम्स यांना पदवी देऊ केली, पण इंग्लंडला यावं लागणार म्हणून ती राहूनच गेली. पुढे १८७९ मध्ये ब्रेस्लाऊ विद्यापीठानं त्यांना मानद डॉक्टरेट दिली. त्यांनी आभाराचं पोस्टकार्ड पाठवलं. विद्यापीठाची अपेक्षा संगीताची आहे असं मित्रानं सुचवल्यावर मात्र विद्यार्थ्यांच्या गाण्यांवर बेतलेली एक खास रचना करून दिली.

अपवादही मोठ्या मनानं झालेले आहेत. रवींद्रनाथ टागोर वृद्धापकाळी प्रवास करू शकत नव्हते, तेव्हा ऑक्सफर्डचे प्रतिनिधी ७ ऑगस्ट १९४० ला शांतिनिकेतनात गेले आणि तिथे पदवीदान केलं. भारताचे तेव्हाचे सरन्यायाधीश सर मॉरिस ग्वायर आणि सर्वपल्ली राधाकृष्णन त्यांत होते. ऑक्सफर्डचं भाषण लॅटिनमध्ये झालं, रवींद्रनाथांनी उत्तर संस्कृतमध्ये दिलं. १९९६ मध्ये नेल्सन मंडेला लंडनला आले तेव्हा आठ ब्रिटिश विद्यापीठांनी बकिंगहॅम राजवाड्यात एकत्र येऊन त्यांना पदव्या दिल्या.

मानद पदवी मिळाल्यावर नावाआधी 'डॉ.' लावता येतं का?

बहुतेक विद्यापीठांचा संकेत स्पष्ट आहे : लावू नये. पदवी देणाऱ्या विद्यापीठाच्या पत्रव्यवहारात किंवा समारंभात तसा उल्लेख होतो. एरवी आपल्या परिचयात 'अमुक विद्यापीठाची मानद डी.लिट.' असं 'मानद' या शब्दासकट लिहावं.

लोकव्यवहार मात्र नेहमी असा चालत नाही. सेंट अँड्र्यूज विद्यापीठाच्या १७५९ च्या मानद पदवीनंतर फ्रँकलिन 'डॉक्टर फ्रँकलिन' झाले ते कायमचे. अब्दुल कलाम यांच्याकडे अभ्यास करून मिळवलेली पीएच.डी. नव्हती, मानद डॉक्टरेट कितीतरी होत्या, आणि साऱ्या देशानं त्यांना 'डॉ. कलाम' म्हटलं. लोकांनी प्रेमानं म्हणणं वेगळं आणि स्वतः पाटीवर लिहिणं वेगळं, असा फरक मी करतो. दवाखाना, समुपदेशन, औषधं, सल्लागारी अशा व्यवसायात तर मानद पदवीवरून 'डॉ.' लिहूच नये; समोरचा माणूस त्या दोन अक्षरांवर विसंबून स्वतःला तुमच्या हवाली करतो.

इथे एक गैरसमजही दूर करायला हवा. बाबासाहेब आंबेडकरांच्या नावाआधीचं 'डॉ.' मानद पदवीमुळे आलेलं नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सची डी.एससी. (१९२३) आणि कोलंबिया विद्यापीठाची पीएच.डी. (१९२७) त्यांनी प्रबंध लिहून मिळवल्या. कोलंबियाची मानद एलएल.डी. १९५२ मध्ये आणि उस्मानिया विद्यापीठाची मानद डी.लिट. १९५३ मध्ये, म्हणजे संविधान लागू झाल्यानंतर मिळाली. परिचयात चारही पदव्या एका ओळीत लिहिल्या जातात तेव्हा कोणती कष्टानं कमावलेली आणि कोणती कार्याच्या गौरवाची, हे दिसेनासं होतं. ते दिसायला हवं, कारण दोन्हींचा मान वेगळा आहे.

या पदवीवर नोकरी, बढती किंवा व्यवसायाचा परवाना मिळतो का?

नाही.

पदवी नाकारता येते का?

येते, आणि नाकारणाऱ्यांबद्दल मला आदर आहे. अमेरिकेचे माजी राष्ट्राध्यक्ष मिलर्ड फिलमोर यांनी १८५५ मध्ये ऑक्सफर्डची पदवी नाकारली. आपल्या हातून साहित्यात किंवा शास्त्रात काही घडलेलं नाही आणि जी वाचता येत नाही अशी लॅटिनमधली पदवी घेऊ नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

दिलेली पदवी परत घेता येते का?

येते, पण विद्यापीठं ते नाइलाजानंच करतात. झिंबाब्वेचे राज्यकर्ते रॉबर्ट मुगाबे यांना एडिंबरा विद्यापीठानं १९८४ मध्ये दिलेली पदवी २००७ मध्ये काढून घेतली. नंतर अमेरिकेतल्या दोन विद्यापीठांनीही तेच केलं. अमेरिकन विनोदी अभिनेते बिल कॉस्बी लैंगिक अत्याचाराच्या खटल्यात २०१८ मध्ये दोषी ठरल्यावर येल विद्यापीठानं त्यांची मानद पदवी रद्द केली, आणि येलच्या इतिहासातली ती अशी पहिलीच वेळ होती. पुढे ती शिक्षा वरच्या न्यायालयानं रद्द केली, तेव्हा अशा निर्णयांचा गुंता आणखी वाढतो. पदवी काढून घेण्याची कारणं आणि पद्धत विद्यापीठानं आधीच नियमांत लिहून ठेवलेली असली, तर निदान घाईगर्दीत निर्णय होत नाहीत.

सगळीच विद्यापीठं मानद पदव्या देतात का?

नाही. एमआयटी आणि स्टॅनफर्ड देत नाहीत. कॉर्नेलनं आजवर दोनच दिल्या, त्याही १८८६ मध्ये. दुसऱ्या टोकाला नोत्र दाम विद्यापीठाचे अध्यक्ष फादर थिओडोर हेसबर्ग यांना एकट्याला दीडशे मानद पदव्या मिळाल्या. मला वाटतं, वर्षाला दोन-तीन नीट निवडलेल्या पदव्या पुरेत.

'आपली मानद डॉक्टरेटसाठी निवड झाली आहे, नोंदणी शुल्क भरा' असा फोन आला. काय करू?

पैसे भरू नका. खरं विद्यापीठ मानद पदवीसाठी शुल्क मागत नाही; नोंदणीचं नाही, झग्याचं नाही, हॉलच्या भाड्याचंही नाही. अशा फोनमागे सहसा भारदस्त नावाची, परदेशी पत्ता सांगणारी एखादी संस्था असते. एका हॉटेलात एकाच संध्याकाळी डझनांनी 'डॉक्टर' तयार होतात आणि फोटो वर्तमानपत्रांना पाठवले जातात.

संस्थेचं नाव घ्या आणि देशाच्या उच्चशिक्षण नियामकाच्या मान्यताप्राप्त यादीत ते आहे का ते स्वतः पाहा. त्यांनी पाठवलेली लिंक उघडू नका, यादी थेट नियामकाच्या संकेतस्थळावर शोधा. नाव खऱ्या विद्यापीठाचं असेल तर कुलसचिवांच्या कार्यालयात फोन करून पत्राचा जावक क्रमांक सांगा. पत्र त्यांनीच पाठवलं आहे का ते तिथे कळेल. पैसे आधीच गेले असतील तर पावत्या, संदेश, प्रमाणपत्र काहीही न पुसता पोलिसांत तक्रार द्या. फसलेल्यांत आयुष्यभर इमानेइतबारे काम केलेले शिक्षक, वैद्य, समाजसेवकही असतात. कुणीतरी आपली दखल घेतली एवढ्याच आनंदात त्यांनी पैसे भरलेले असतात, आणि मग लाजेनं गप्प बसतात. लाज वाटायची ती विकणाऱ्यांना वाटायला हवी. तक्रार जरूर करा.